फेलोशिप आणि संशोधन अनुदान : जाहिरात निघण्याच्या आधीची तयारी

दरवर्षी निदान एकदा तरी कुणीतरी घाईघाईने विभागात येते. हातात मोबाइल, मोबाइलवर व्हॉट्सॲपवरून आलेली जाहिरात आणि प्रश्न ठरलेला : "मॅडम, परवा शेवटची तारीख आहे, होईल का?" बहुतेक वेळा होत नाही. नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदत संपलेली असते, गाईड बाहेरगावी असतात किंवा विद्यापीठाचे नोंदणीपत्र अजून हातात पडलेले नसते. गुणवत्ता कमी पडून फेलोशिप हुकलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. चार दिवस कमी पडून हुकलेले त्याहून कितीतरी जास्त पाहिले आहेत, आणि त्यांचेच मला अधिक वाईट वाटते.

पीएच.डी. करणारे किंवा करू पाहणारे विद्यार्थी आणि नुकतेच रुजू झालेले सहायक प्राध्यापक, या दोघांसाठी हे लिहीत आहे. मी सामाजिक शास्त्रे शिकवते, त्यामुळे त्या बाजूचे बारकावे इथे जास्त येतील. कागदपत्रांची आणि तारखांची गोष्ट मात्र सगळ्या विषयांना सारखीच लागू आहे.

पहिली पायरी : पैसा कशासाठी हवा आहे ते ठरवा

फेलोशिप माणसाला मिळते. तुम्ही पूर्ण वेळ संशोधन करावे म्हणून दरमहा मिळणारा तो निर्वाहाचा पैसा. अनुदान कामाला मिळते. ते तुमच्या नावाने मंजूर झाले तरी संस्थेच्या खात्यात येते, त्याचा हिशेब संस्था ठेवते आणि त्यातून तुम्ही स्वतःला पगार घेऊ शकत नाही. तिसरा प्रकार लहान रकमांचा : परिषदेला जाण्याचा प्रवासखर्च, ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात बसण्यासाठी महिना-पंधरा दिवसांची मदत, चर्चासत्राचे सहाय्य.

नवखा माणूस या तिन्हींची गल्लत करतो. पीएच.डी.ची विद्यार्थिनी प्रोजेक्टच्या जाहिरातीला अर्ज करू पाहते, पण तिथे प्रमुख संशोधक म्हणून नियमित नोकरीतला शिक्षक लागतो. उलट त्याच प्रोजेक्टमध्ये संशोधन सहायकाची किंवा जेआरएफची (कनिष्ठ संशोधन फेलोची) जागा निघते, ती तिच्यासाठी असते आणि तिच्याकडे तिचे लक्षच नसते. अशा जागांच्या जाहिराती विद्यापीठाच्या आणि संशोधन संस्थांच्या संकेतस्थळावर कोपऱ्यात येतात. मुलाखत बहुतेकदा थेट असते. नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, नसलेल्यांनाही काही ठिकाणी संधी मिळते.

दुसरी पायरी : एका कागदावर स्वतःला लिहून काढा

जाहिराती शोधण्याच्या आधी हा एक तास खर्च करा. वय, जन्मतारीख, पदव्युत्तर पदवीचे टक्के, विषय, पीएच.डी. नोंदणीची तारीख, सामाजिक प्रवर्ग, अधिवास, नोकरी आहे का, असल्यास कोणत्या स्वरूपाची, मधल्या काळात खंड पडला आहे का. यातली एकेक ओळ एकेक दार उघडते किंवा बंद करते.

नोंदणीची तारीख सगळ्यात फसवी. आरआरसीची (संशोधन व मान्यता समितीची) बैठक झाली ती तारीख, शुल्क भरले ती तारीख आणि विद्यापीठाने पत्र काढले ती तारीख, या तीन वेगवेगळ्या असू शकतात. फेलोशिपच्या जाहिरातीत "अमुक ते अमुक या काळात कायम नोंदणी झालेले" असे लिहिलेले असते. तुमच्या पत्रावर नेमकी कोणती तारीख छापली आहे ते आजच पाहा. संदिग्ध असेल तर विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाकडून स्पष्ट पत्र मागून घ्या. अर्ज भरायच्या आठवड्यात ते पत्र मिळत नाही.

नोकरीबद्दलही स्पष्ट असा. आपल्याकडे कितीतरी संशोधक तासिका तत्त्वावर शिकवून घर चालवतात. पूर्ण वेळ फेलोशिप घेताना "दुसरीकडून मानधन घेत नाही" असे हमीपत्र द्यावे लागते. सीएचबी (ही तासिकांची नोकरी) सोडायची की फेलोशिप सोडायची हा निर्णय घरच्यांशी बोलून आधीच करा, कारण हमीपत्र मोडल्याचे नंतर उघड झाले तर घेतलेले पैसे परत करण्याची वेळ येते. एका वेळी दोन फेलोशिपा घेता येत नाहीत, हेही त्यातच आले.

तिसरी पायरी : कागदपत्रांची फाइल

या भागावर मी मुद्दाम जास्त लिहिते आहे. विषय कंटाळवाणा आहे, पण अर्ज बाद होतात ते इथेच.

नावापासून सुरुवात करा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर ते शेवटी असते, आणि लग्नानंतर नाव बदलले असेल तर पदव्युत्तर पदवीवर तिसरेच. पोर्टलला या तीन व्यक्ती वाटतात. नाव बदलाचे राजपत्र काढून ठेवा आणि आधार, पॅन व बँक खाते यांवरचे नाव अक्षर न् अक्षर सारखे करून घ्या.

मग प्रवर्गाचे दाखले. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, मग ते एक वर्षाचे असो की तीन. एप्रिल-मेमध्ये प्रांत कार्यालयावर विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचा ताण असतो, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज वेळेत टाका. राज्याच्या नमुन्यातला दाखला केंद्राच्या फेलोशिपला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यात वेगळा दाखला लागतो आणि तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का हेही पाहावे लागते, कारण राज्याची यादी आणि केंद्राची यादी एकच नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे महाराष्ट्राने केलेले स्वतंत्र गट आहेत. नेटच्या अर्जात या नावांचा रकानाच नसतो. त्यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपली आहे की नाही हे यादीत स्वतः शोधा, ऐकीव माहितीवर राहू नका. जातवैधता प्रमाणपत्र अजून नसेल तर जिल्हा पडताळणी समितीकडे आजच प्रकरण दाखल करा.

बँक खाते आधारशी जोडलेले असले म्हणजे झाले असे अनेकांना वाटते. थेट लाभ हस्तांतरणाचे पैसे मात्र एकाच खात्यात येतात, ज्या खात्याचे आधार सीडिंग झाले आहे (म्हणजे सरकारी पैशासाठी जे खाते आधारवर नोंदले आहे) त्यात. माझ्या एका विद्यार्थ्याचे पहिले हप्ते त्याने शाळेत असताना काढलेल्या आणि विसरून गेलेल्या खात्यात जाऊन पडले होते. ते बंद पडलेले खाते सुरू करून घेण्यात दोन महिने गेले. काही साध्या खात्यांना वर्षभरात जमा होणाऱ्या रकमेची मर्यादाही असते. बँकेत जाऊन दोन्ही गोष्टी विचारून घ्या.

सगळे स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा, फाइलचे आकार लहान करून ठेवा, आणि फाइलच्या नावात मुदतीची तारीख लिहा. सही आणि फोटो वेगळे. गाईडच्या मान्यतेचे पत्र आणि तुमच्या संशोधन केंद्राच्या मान्यतेचे पत्रही याच फोल्डरमध्ये हवे. कित्येकांना ही दोन पत्रे लागतात हेच ठाऊक नसते.

चौथी पायरी : कोणते दार कुणासाठी

सगळी यादी देणे शक्य नाही आणि उपयोगाचेही नाही. ज्या दारांवर आपली मुले सगळ्यात जास्त वेळा जातात ती सांगते.

पहिले दार नेट-जेआरएफ. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांसाठी यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग)-नेट, आणि रसायन, भौतिक, जीव, गणित व भूविज्ञान या विज्ञान शाखांसाठी सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद)-यूजीसी नेट. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्राच्या नावाने होते. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलो) म्हणून ४२,००० रुपये झाली. त्यावर शहराच्या वर्गवारीप्रमाणे घरभाडे भत्ता आणि वार्षिक आकस्मिक खर्च वेगळा. यूजीसीच्या जेआरएफसाठी वयोमर्यादा ३० वर्षे आहे. महिला, अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रिमिलेअर ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५ वर्षांची सवलत आहे. यूजीसीचे जेआरएफ पत्र तीन वर्षे चालते, तेवढ्या काळात पीएच.डी.ला प्रवेश घेऊन रुजू व्हावे लागते. आधीच नोंदणी झालेली असेल तर नेटचा निकाल जाहीर झाल्याची तारीख किंवा रुजू झाल्याची तारीख, यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून पैसे मोजले जातात. मागच्या वर्षांचे मिळत नाहीत. म्हणून पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की नेटचा अभ्यास सोडून देणारी मुले पाहिली की मला हळहळ वाटते. जून २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरण्याचीही सोय आहे, तिची मुदत एक वर्षाची.

दुसरे दार आपल्या राज्याचे. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी पुण्याचीच सारथी, इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, आणि आदिवासींसाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी अमृत ही संस्था आहे, तिच्या चालू योजनांवरही नजर ठेवा. पहिल्या तिन्ही संस्था पीएच.डी.साठी फेलोशिप देतात. जागा किती, निवड चाळणी परीक्षेने की मुलाखतीने, रक्कम कोणत्या तारखेपासून, हे शासन निर्णयाप्रमाणे बदलत आले आहे. म्हणून मागच्या वर्षी मैत्रिणीला काय मिळाले यावर विसंबू नका, त्या वर्षीचा जीआर काढून वाचा. वीस मिनिटांचे काम आहे आणि त्यात तुमच्या नव्वद टक्के प्रश्नांची उत्तरे असतात.

केंद्राकडून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ओबीसींसाठी स्वतंत्र राष्ट्रीय फेलोशिपा आहेत. आईवडिलांची एकुलती एक मुलगी असलेल्या संशोधिकांसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप मात्र २०२२-२३ पासून नव्याने दिली जात नाही. तिची जुनी माहिती अजून फिरते, तिच्यामागे वेळ घालवू नका.

सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. ती १९६९ साली स्थापन झाली आणि मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक तिचे पहिले सदस्य-सचिव होते. तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात आहे, इमारतीलाही नाईकांचेच नाव आहे. पीएच.डी. करणाऱ्यांना बाहेरगावच्या ग्रंथालयात जाऊन बसण्यासाठी हे केंद्र छोटी अभ्यासमदत देते. रक्कम लहान, अर्ज सोपा. पहिला अर्ज करायचा असेल तर मी इथूनच सुरुवात करायला सांगते, कारण एकदा पूर्ण अर्ज भरून त्याचा हिशेब देण्याचा अनुभव हातात आला की पुढची भीती जाते. इतिहासासाठी आयसीएचआर आणि तत्त्वज्ञानासाठी आयसीपीआर या अशाच परिषदा आहेत. कलांवर काम करणाऱ्यांनी बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे पाहावे, तिथे प्रस्ताव मराठीतही देता येतो. इंग्रजीच्या धास्तीने थांबलेल्या तमाशा, लोककला किंवा नाट्यविषयक अभ्यासकांना हे आवर्जून सांगा.

विज्ञान शाखांत पदव्युत्तर परीक्षेत विद्यापीठात पहिले आलेल्यांसाठी इन्स्पायर फेलोशिप आहे. जैवतंत्रज्ञान विभागाची आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) स्वतंत्र जेआरएफ निवड असते. आयआयटी, आयसर, भारतीय विज्ञान संस्था अशा ठिकाणी प्रवेश मिळाला तर पंतप्रधान संशोधन फेलोशिपकडे पाहा. तिची रक्कम दरमहा ७०,००० रुपयांपासून सुरू होऊन शेवटच्या वर्षांत ८०,००० पर्यंत जाते. लग्न, बाळंतपण, घरची जबाबदारी यांमुळे संशोधनातून बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण योजना आहेत. खंड पडला म्हणून लाजून तो लपवणाऱ्या हुशार बायका मी पाहिल्या आहेत. तो खंड इथे लपवायचा नसतो, तोच पात्रतेत मोजला जातो.

आता शिक्षक. २००८ च्या कायद्याने आलेल्या एसईआरबीची (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची) जागा आता एएनआरएफने घेतली आहे. एएनआरएफचा, म्हणजे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा, कायदा २०२३ चा, अंमल ५ फेब्रुवारी २०२४ पासून. नव्याने रुजू झालेल्यांसाठी पंतप्रधानांच्या नावाचे अर्ली करिअर अनुदान, पीएच.डी. झालेल्यांसाठी राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप, आणि परदेशातल्या परिषदेसाठी प्रवाससहाय्य हे सगळे आता तिथे. जुन्या पोर्टलचे दुवे कुणी पाठवले तर सोडून द्या. यूजीसीने ५ सप्टेंबर २०२२ रोजी नव्याने नेमलेल्या प्राध्यापकांसाठी डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या नावाने १० लाखांपर्यंतचे संशोधन अनुदान सुरू केले. ज्येष्ठ सहकारी अजून "यूजीसीचा मायनर करून टाक" असे प्रेमाने सांगतात. त्या मायनर-मेजर, म्हणजे लहान-मोठ्या संशोधन प्रकल्पांच्या, योजना बंद होऊन बरीच वर्षे झाली. त्याऐवजी आपल्या विद्यापीठाची संलग्न महाविद्यालयातल्या शिक्षकांसाठी काही योजना आहे का ते पाहा. रक्कम थोडी असते, पण स्पर्धा स्थानिक असते आणि पुढच्या मोठ्या प्रस्तावात "आधी केलेले काम" या रकान्यात लिहायला काहीतरी हाती येते.

परदेशाबद्दल थोडक्यात. भारतात पीएच.डी. करताना सहा ते नऊ महिने अमेरिकेत जाण्यासाठी फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप, जर्मनीसाठी डाडची फेलोशिप, पीएच.डी. नंतर जर्मनीचीच हुम्बोल्ट किंवा युरोपची मेरी क्युरी फेलोशिप, आणि वारसा, कला व मानव्यविद्यांसाठी इंग्लंडचा चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट. या सगळ्यांत तिथल्या प्राध्यापकाचे निमंत्रण किंवा संमती हीच खरी पहिली पायरी आहे. त्यांना पत्र लिहायला मुदतीच्या आठ-दहा महिने आधी सुरुवात करा. पत्र लहान ठेवा, आणि त्यांचे एक तरी काम वाचून त्यावर एक नेमका प्रश्न विचारा. त्यांच्या सगळ्या कार्याची स्तुती करणाऱ्या लांब पत्रांना उत्तरे येत नाहीत.

पाचवी पायरी : स्वतःचे कॅलेंडर

एक वही घ्या किंवा एक्सेलची शीट. योजना, मागच्या तीन वर्षांत जाहिरात कोणत्या महिन्यात निघाली, किती दिवस दिले, काय कागद लागले. बहुतेक योजना साधारण त्याच मोसमात येतात. मागच्या जाहिराती संकेतस्थळावर जुन्या सूचनांत सापडतात. त्यावरून पुढचा अंदाज बांधा आणि अपेक्षित महिन्याच्या दोन महिने आधी आठवण लावून ठेवा. दर सोमवारी सकाळी अर्धा तास ठरलेली सात-आठ संकेतस्थळे उघडायची, बस. व्हॉट्सॲप गटांवर जाहिरात येते ती तिसऱ्या-चौथ्या हाताने, आणि तोपर्यंत महिन्यातले वीस दिवस गेलेले असतात. विद्यापीठाच्या संशोधन कक्षात एकदा प्रत्यक्ष जाऊन ओळख करून घ्या. तिथल्या लिपिकाला कोणती फाइल कुठे अडते हे प्राध्यापकांपेक्षा चांगले माहीत असते, आणि नीट विचारले तर तो मनापासून सांगतो.

सहावी पायरी : प्रस्ताव

जाहिरात दोनदा वाचा. पहिल्या वेळी पात्रता, दुसऱ्या वेळी हेतू. पैसे देणाऱ्याला काय झालेले पाहायचे आहे ते जाहिरातीच्या पहिल्या दोन परिच्छेदांत असते, आणि नेमके तेच आपण वगळून थेट तारखेकडे जातो. ज्या योजनेच्या हेतूत आपले काम बसत नाही तिथे विषय ओढूनताणून बसवू नका. परीक्षकाला ते पहिल्या पानावर कळते.

प्रस्तावातली सर्वांत दुबळी जागा म्हणजे प्रश्न. एक उदाहरण घेऊ. "बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शैक्षणिक समस्यांचा अभ्यास" हे शीर्षक मी निरनिराळ्या रूपांत पुष्कळदा वाचले आहे. समस्या आहेत हे परीक्षकालाही ठाऊक आहे. तुम्ही नवीन काय शोधणार? आता हेच असे मांडून पाहा : आईवडील कारखान्यावर गेल्यावर जी मुले गावी आजीआजोबांकडे राहतात आणि जी सोबत जातात, त्यांच्यातली कोणती मुले हंगाम संपल्यावर त्याच वर्गात परत येतात, आणि ते कशावरून ठरते? इथे तुलना आहे, काळ आहे आणि "कशावरून" हा शोध आहे. यातून पद्धत आपोआप निघते. किती गावे, कोणत्या महिन्यात जायचे, शाळेची हजेरीपटे पाहायची की घरी बोलायचे. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, मग क्षेत्रकार्य ऑगस्टमध्ये का दाखवले आहे, असा प्रश्न परीक्षकाच्या मनात येणार नाही अशी वेळापत्रकाची मांडणी हवी.

आधीच्या संशोधनाचा आढावा म्हणजे नावांची माळ नव्हे. चार-पाच कामे घ्या, प्रत्येकाने काय दाखवले आणि कुठे थांबले ते एकेका वाक्यात सांगा, आणि तुमचे काम त्या थांबलेल्या जागेपासून कसे पुढे जाते ते लिहा. मराठीतली कामे वगळू नका. आपल्या भागावरची अनेक चांगली निरीक्षणे मराठी मासिकांत, अहवालांत आणि आत्मचरित्रांत आहेत. ती तुम्ही वाचू शकता, दिल्लीतला दुसरा अर्जदार वाचू शकत नाही. हे तुमचे बळ प्रस्तावात ठळक दिसू द्या.

भाषेबद्दल एक सांगते. मराठीत विचार करणाऱ्यांनी प्रस्ताव आधी मराठीतच लिहावा. मी आजही तसेच करते. दोन पाने मराठीत स्वच्छ उतरली की मग इंग्रजी करावे आणि विषयाबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्यावे. त्याला जिथे अडखळायला होते तिथे बहुतेकदा इंग्रजीपेक्षा विचारच अजून धूसर असतो.

माणसांशी बोलून किंवा त्यांची माहिती गोळा करून काम करणार असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी कधी घेणार हे लिहा. मुलांशी बोलणार असाल तर पालकांची संमती कशी घेणार तेही.

सातवी पायरी : अंदाजपत्रक

माझा पहिला प्रस्ताव परत आला तो अंदाजपत्रकामुळे. मागितलेल्या रकमेतला जवळजवळ निम्मा भाग संगणक, प्रिंटर आणि कॅमेऱ्यावर होता, आणि क्षेत्रकार्याला "प्रवास व इतर" अशी एक गोळा रक्कम. परीक्षकाचा शेरा एका ओळीचा होता : काम गावात आहे आणि खर्च खोलीत. तो शेरा मी अजून जपून ठेवला आहे, कारण पूर्ण बरोबर होता.

रक्कम नेहमी कामातून काढा. २० गावे, प्रत्येक गावात ३ दिवस, म्हणजे ६० दिवस. एसटी, पुढे जीप किंवा दुचाकी, जेवण, कुठे मुक्काम, मिळून दिवसाला ६०० रुपये धरले तर ३६,००० रुपये. मदतनीस असेल तर त्याचे वेगळे. असा हिशेब दाखवला की परीक्षक कात्री लावायला कचरतो. मनुष्यबळ, उपकरणे, उपभोग्य साहित्य, प्रवास, आकस्मिक खर्च आणि संस्थेचा ओव्हरहेड (जागा, वीज, व्यवस्थापन यांसाठीचा वाटा) ही शीर्षके जाहिरातीत असतील त्याच क्रमाने ठेवा. एका शीर्षकातला पैसा दुसऱ्यात परवानगीशिवाय फिरवता येत नाही, म्हणून आत्ताच नीट वाटप करा. मुलाखतींचे शब्दांकन आणि भाषांतर यांचा खर्च लोक विसरतात. एका तासाच्या मुलाखतीला शब्दांकनाचे पाच-सहा तास सहज लागतात.

आठवी पायरी : पाठवणे

संस्थाप्रमुखांचे शिफारसपत्र, गाईडची सही, कुलसचिवांचे अग्रेषण या तीन सह्यांना तीन आठवडे धरा. एकदा माझा पूर्ण तयार अर्ज एका सहीसाठी राहून गेला. प्रमुख बैठकीला बाहेरगावी होते आणि पोर्टल संध्याकाळी ५ वाजता बंद झाले. रात्री १२ पर्यंत वेळ असेल असे मी गृहीत धरले होते. तेव्हापासून सही आधी आणि प्रस्तावाची शेवटची सफाई नंतर हा क्रम मी ठेवते. शिफारसपत्रात अंतिम प्रस्ताव लागत नाही, शीर्षक आणि रक्कम पक्की असली की पुरते.

ऑनलाइन भरल्यावर छापील प्रतही पाठवायची आहे का ते पाहा. काही योजनांत ती ठरावीक दिवसांत पोचली नाही तर ऑनलाइन अर्ज धरला जात नाही. स्पीड पोस्टची पावती त्याच फोल्डरमध्ये.

मंजुरीनंतर, आणि नामंजुरीनंतरही

फेलोशिप मंजूर झाली म्हणजे पुढच्या महिन्यापासून पैसे, असे होत नाही. रुजू अहवाल, विभागप्रमुखांची पडताळणी, दरमहाचे उपस्थितीचे दावे, मग रक्कम. पहिला हप्ता यायला कित्येक महिने लागू शकतात आणि मग एकदम मागची सगळी बाकी येते. घरी हे आधी सांगून ठेवा, त्या भरवशावर कर्ज काढू नका. बाळंतपण आले तर घाबरू नका. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत स्त्री संशोधकांना संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आहे. विभागाला हे ठाऊक नसेल तर नियमाची प्रत हातात घेऊन जा.

नामंजूर झाला तर शेरे मागा. काही ठिकाणी पोर्टलवर दिसतात, काही ठिकाणी ई-मेल करावा लागतो, काही ठिकाणी मिळतच नाहीत. मिळाले तर आठवडाभर बाजूला ठेवून मग वाचा. तोच प्रस्ताव सुधारून पुढच्या फेरीत किंवा दुसऱ्या योजनेला पाठवणे यात कमीपणा काही नाही. माझा तो परत आलेला प्रस्ताव दुसऱ्या वर्षी, संगणक वगळून आणि गावे वाढवून, मंजूर झाला.

आणि अनुदान मिळाले तर पहिल्याच दिवशी संस्थेच्या लेखा विभागात जाऊन बसा. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून की कोटेशन मागवून, आगाऊ रक्कम कशी उचलायची, गावातल्या जीपवाल्याची पावती कोणत्या नमुन्यात घ्यायची, हे सगळे त्यांना विचारा आणि लिहून घ्या. गावात छापील बिल मिळत नाही, म्हणून महसुली तिकीट लावलेल्या कोऱ्या पावत्यांचे पुस्तक बरोबर ठेवून जागच्या जागी रक्कम लिहून सही घ्या. प्रोजेक्टच्या खात्यावर जमा झालेले व्याज आपले नसते, तेही हिशेबात दाखवून परत करावे लागते. ३१ मार्चनंतर खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र जाईपर्यंत पुढचा हप्ता निघत नाही. केंद्राच्या अनुदानासाठी ते सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या १२-ए नमुन्यात लागते आणि त्यावर लेखापरीक्षकाची सहीही मागतात. मार्चअखेर लेखापरीक्षकाकडे साऱ्या संस्थांची रांग असते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तोपर्यंतचा हिशेब त्यांच्याकडे नेऊन द्या, उरलेल्या दोन महिन्यांच्या पावत्या नंतर जोडता येतात.